खांदा देण्याचे शिक्षण

‘खांदा द्यायला चार माणसे तरी हवीत’ असे मराठी माणूस सहज बोलून जातो. त्या बोलण्यात साऱ्या आयुष्याचा हिशेब असतो. ज्याच्यामागे रडणारे कोणी नाही आणि ज्याला उचलणारेही कोणी नाही, त्याच्या एकाकीपणाला सीमा नसते. अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरातील सेंट इग्नेशियस हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी २००३ पासून अशा माणसांना खांदा देण्याचे व्रत पत्करले आहे. येशूसंघाच्या, म्हणजेच जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी १८८६ मध्ये स्थापन केलेली ही केवळ मुलग्यांची कॅथलिक शाळा. शहरात एखादा निराधार मनुष्य मरण पावला, किंवा एखाद्या वृद्धेच्या मागे शवपेटी उचलण्याइतके धडधाकट आप्त उरले नाहीत, की शाळेकडे निरोप येतो. सोळा-सतरा वर्षांची मुले वर्गातून उठतात, कोट-टाय अशा वेषात अंत्यविधीला हजर होतात, शवपेटी वाहून नेतात, प्रार्थना करतात आणि पुन्हा आपल्या बाकावर येऊन बसतात. येशूच्या देहाला ज्याने स्वतःची कबर दिली, त्या अरिमथाईकर योसेफाच्या नावाने हे मंडळ चालते.

या गोष्टीचे कौतुक करणे सोपे आहे. तिच्यामागील शिक्षणविचार समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. चारित्र्यसंवर्धन हे आपले ध्येय असल्याचे प्रत्येक शाळा आपल्या माहितीपत्रकात छापते. फळ्यावर रोज सुविचार लिहिला जातो, मूल्यशिक्षणाची तासिका वेळापत्रकात असते, आणि ‘दुसऱ्याच्या दुःखात सहभागी व्हावे’ हे उत्तर लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात. परंतु तेच उत्तर लिहिणारा मुलगा, शेजारच्या बाकावरील सोबती आठ दिवस डबा का आणत नाही, हे विचारत नाही. उत्तर येणे आणि दुःख दिसणे या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. ते शाळेने कसे ओलांडावे, हाच खरा प्रश्न आहे.

येशूसंघाला हा प्रश्न फार उशिरा, आणि घरातूनच, विचारला गेला. १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे या संघाने सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी पहिले विद्यालय उघडले. १५९९ मध्ये त्याची अध्यापनसंहिता निश्चित झाली. पुढे या शाळांमधून विद्वान, न्यायाधीश, मुत्सद्दी आणि उद्योगपती बाहेर पडले. हे यश पाहून संघाने समाधान मानले असते तर नवल नव्हते. परंतु ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे युरोपातील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात संघप्रमुख पेद्रो आरुपे यांनी उलटा सवाल केला. आपण तुम्हाला न्यायासाठी शिक्षण दिले काय, असे त्यांनी विचारले, आणि ‘नाही’ हे उत्तरही स्वतःच दिले. इतरांसाठी जगणारी माणसे घडविणे हाच शिक्षणाचा हेतू असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रतिष्ठित श्रोत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही.

आरुपे यांचा हा विचार ग्रंथांतून आलेला नव्हता. तरुणपणी त्यांनी माद्रिदमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्या शहराच्या सीमेवरील नागात्सुका येथे संघाच्या नवशिक्यांचे गुरू होते. आपल्या आश्रमाचे त्यांनी रुग्णालय केले आणि होरपळलेल्या दीडशेहून अधिक माणसांची शुश्रूषा केली. ज्याने असे दुःख हाताने स्पर्शिले, त्याला करुणा हा व्याख्यानाचा विषय वाटणे शक्य नव्हते. त्यांच्यानंतरचे संघप्रमुख पीटर-हान्स कोल्व्हेनबाख यांनी २००० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे हेच सूत्र वेगळ्या शब्दांत मांडले. दुसऱ्याशी असलेले नाते संकल्पनांतून उमगत नाही, ते प्रत्यक्ष संपर्कातून उमगते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

क्लीव्हलँडच्या मुलांचे काम या कसोटीवर पाहिले म्हणजे त्यातील शहाणपण ध्यानात येते. मृत मनुष्य आभार मानीत नाही, आशीर्वाद देत नाही, परतफेड तर करूच शकत नाही. खांदा देणाऱ्याला तो कोण होता, कसा वागला, हे ठाऊक नसते. पात्र-अपात्र असा विचार करण्यास तेथे वावच उरत नाही. याच शाळेतील मुले दर रविवारी रात्री गरम अन्न घेऊन बेघरांकडे जातात. त्यात अन्नाइतकेच महत्त्व शेजारी बसून बोलण्याला, त्या माणसाचे नाव लक्षात ठेवण्याला असते. वर्षातून एकदा फळे वाटून छायाचित्र काढणे वेगळे आणि दर आठवड्याला त्याच माणसाकडे परत जाणे वेगळे. पहिल्यातून समाधान मिळते. सवय दुसऱ्यातूनच जडते, आणि चारित्र्य म्हणजे अखेर जडलेली सवयच होय. दिवसाच्या शेवटी शांत बसून, आज काय घडले, आपण कसे वागलो, याची उजळणी करण्याची इग्नेशियस लोयोलाची शिस्त या अनुभवांना जोडली जाते. ती नसती तर अनुभव केवळ आठवण होऊन राहिले असते.

मुलग्यांच्या शाळेत याला आणखी एक अर्थ आहे. मुलाने रडू नये, हळवे होऊ नये, असा अलिखित नियम अशा शाळांच्या व्हरांड्यात पाळला जातो. दुबळ्याची टिंगल हा तेथे मर्दपणाचा पुरावा ठरतो. शवपेटी उचलण्यास बळ लागते. ज्या बळाचा मुलाला अभिमान असतो, तेच एका अनोळखी म्हातारीसाठी वापरताना त्याला कोमल होण्याची लाज वाटत नाही.

याचा अर्थ धर्मसंस्थेच्या शाळेत करुणा आपोआप रुजते असा मुळीच नव्हे. आयर्लंडमधील चौकशी आयोगाचा मे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल याची भीषण साक्ष देतो. कॅथलिक धर्मसंघांनी चालविलेल्या औद्योगिक शाळा व सुधारगृहांत अनाथ व गरीब मुलांना अनेक दशके मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार सोसावे लागले. प्रार्थना तेथेही होत होत्या, शिस्तही होती. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ज्याच्या हाती काहीच नाही त्याचे ऐकावे, एवढेच तेथे नव्हते. मुलांकडून सहानुभूतीची अपेक्षा करणाऱ्या शाळेने प्रथम आपल्या भिंतींच्या आत सर्वांत दुबळा मुलगा कोण, आणि त्याला कोणाची भीती वाटते, हे तपासले पाहिजे. सेवेचे प्रमाणपत्र पुढील प्रवेशासाठी उपयोगी पडते, हा धोकाही खराच. गरिबाला आपल्या नैतिक उन्नतीचे साधन करणे, हाही एक अन्यायच.

पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) व मुंबईचे सेंट झेवियर्स (१८६९) या येशूसंघाच्याच शाळा. त्यांच्या बाकांवर सर्व धर्मांची मुले शेजारी बसून शिकली. तेथील इंग्रजीचे आणि शिस्तीचे कौतुक मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या झाले. आरुपे यांचा प्रश्न त्या कौतुकालाही लागू पडतो, आणि ज्यांचा त्या संघाशी वा धर्माशी संबंध नाही अशा जिल्हा परिषदेच्या शाळांनाही. साठ मुलांचा वर्ग, अपुरा राहिलेला अभ्यासक्रम आणि माथ्यावर कारकुनी कामे घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकाकडून कोणी शवपेट्यांची अपेक्षा करीत नाही. परंतु आजारी सोबत्याच्या घरी वही पोहोचविणे, निवृत्त शिपायाची विचारपूस करण्यास पाळीपाळीने जाणे, आणि परत आल्यावर त्याविषयी दहा मिनिटे बोलणे, याला अनुदान लागत नाही. शिक्षकाने स्वतः बरोबर जावे लागते, एवढेच. मुले ऐकलेले विसरतात. आपल्याबरोबर कोण चालले, हे मात्र ती विसरत नाहीत.