उत्सवाची पूर्वतयारी

म्हैसूरच्या राजवाड्यातून विजयादशमीस निघणारी 'जंबू सवारी' पाहणाऱ्यास एका दिवसाची वाटते. तिची तयारी मात्र कित्येक आठवडे आधी सुरू होते.

ज्या अंबारीत पूर्वी महाराज बसत, तीत आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. या सुवर्णमंडित अंबारीचे वजन सुमारे ७५० किलो आहे. ती वाहून नेणाऱ्या हत्तीला दुतर्फा दाटलेल्या गर्दीतून बन्नीमंटपापर्यंत सुमारे ५ किलोमीटर चालावयाचे असते. तो बिथरल्यास अनर्थ ओढवेल. म्हणून अरण्यातील तळांवरून आणलेल्या हत्तींना त्याच रस्त्याने चालविण्यात येते. प्रथम मोकळ्या पाठीने, मग वाळूची पोती लादून आणि शेवटी लाकडी अंबारी बांधून. तोफांच्या आवाजाचीही त्यांना आधीच सवय लावतात. मिरवणुकीत अंबारीच्या हत्तीच्या दोन्ही बाजूंस हत्तिणी चालतात, त्यांच्या सोबतीने तो शांत राहतो.

शाळेचा आनंदमेळावा असो वा सेंट फिलोमिनासारख्या चर्चचा वार्षिक सण असो, गर्दी लहान असली तरी तत्त्व हेच. कोणता धोका संभवतो हे आधी ओळखावे आणि त्याची तालीम करावी. मुले कोणत्या दाराने आत येतील व कोणत्या दाराने बाहेर पडतील, दिवे गेल्यास काय करावयाचे, चुकलेले मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे संयोजकांनी व स्वयंसेवकांनी त्या जागी प्रत्यक्ष करून पाहिले पाहिजे. कामांची नुसती यादी त्यास पुरी पडत नाही.