गप्प बसलेल्यांचा पत्ता

फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी ही मजकुरी गप्पांची व्यवस्था सुरू केली. तिच्यातल्या बैठकींना चॅनेल म्हणतात. विंडोजवरून तिथे जाण्यासाठी खालिद मर्दम-बे यांनी १९९५ मध्ये एमआयआरसी हा प्रोग्रॅम आणला. त्याला स्वतःची स्क्रिप्टभाषा आहे आणि तिच्यात चॅनेलची माहिती विचारणे अगदी सोपे: डॉलरचे चिन्ह, 'चॅन' हा शब्द, कंसात चॅनेलचे नाव, मग एक टिंब आणि हवे ते, म्हणजे 'टॉपिक', 'मोड' किंवा 'लिमिट'. उत्तर तत्क्षणी हजर. मला कुतूहल वाटले ते या तत्परतेचे. सर्व्हर सातासमुद्रापलीकडे असला तरी उत्तराला वेळ का लागत नाही?

कारण प्रश्न सर्व्हरपर्यंत जातच नाही. आपण चॅनेलवर दाखल होतो तेव्हा सर्व्हर काही क्रमांकित ओळी पाठवतो. ३३२ म्हणजे ठरलेला विषय, ३५३ म्हणजे हजर मंडळींची नावे, ३६६ म्हणजे नावे संपली. प्रोग्रॅम हे टिपून घेतो. पुढे कोण आले, कोण गेले, विषय कुणी बदलला, हे कानावर येईल तसे आपल्या वहीत दुरुस्त करतो. स्क्रिप्ट वाचते ती ही वही. ज्या चॅनेलवर आपण गेलोच नाही, त्याचा विषय विचारला तर उत्तर रिकामे येते. तिथे विषय नसतो असे नाही. आपण तिथे नसतो.

खरी गंमत पत्त्यांची आहे. ३५३च्या ओळीत मूळ रचनेप्रमाणे नुसती टोपणनावे येतात; माणूस कुठून जोडला गेला आहे ते कळत नाही. आपल्यामागून येणाऱ्याचा पत्ता त्याच्या आगमनाच्या ओळीतच असतो. आधीपासून बसलेला कुणी बोलला, तर त्याच्या बोलण्याबरोबर पत्ताही येतो. पण तो गप्पच राहिला तर वहीत फक्त नाव. (अलीकडे काही सर्व्हर यादीतच पत्ते देऊ लागले आहेत, तेवढा अपवाद.) उपद्रवी माणसाला पत्त्यावरून बंदी घालणारी स्क्रिप्ट इथे अडते. नावावर बंदी घालून भागत नाही, कारण नाव क्षणात बदलता येते. मग 'हू' ही आज्ञा देऊन सर्व्हरकडून सगळ्यांचे पत्ते मागवावे लागतात. बंदीची यादीही अशीच, मागितल्यावाचून वहीत येत नाही.

या भाषेची मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे, टिंबापुढे 'आयएएल' लिहिले की पत्त्यांची वही पूर्ण आहे की नाही, याचे उत्तर मिळते. आपल्या माहितीत उणीव आहे, हे इथे यंत्रालाच विचारता येते.

गप्पांच्या जुन्या नोंदींत ही सोय नसते. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हाच्या आयआरसीवरील गप्पा जपून ठेवलेल्या आहेत. अशा नोंदींवरून तिथे कोण होते हे ठरवायला बसणाऱ्याने, नोंद ठेवणारा स्वतः केव्हा आत आला, हे आधी शोधावे.