ईसीजी नॉर्मल, मग दुखतंय ते काय?

तिशी-पस्तिशीची बाई. ल्युपस किंवा आमवात अशा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणाऱ्या, आजाराचं निदान होऊन चार-पाच वर्षं झालेली, गोळ्यांचा डबा कायम पर्समध्ये. रात्री छातीत कळ येते. घरचे आधी ओवा आणि काळं मीठ देतात, मग जवळच्या दवाखान्यात नेतात. ईसीजी काढला जातो आणि पाठोपाठ ते ठरलेलं वाक्य येतं: ‘ईसीजी नॉर्मल आहे. आणि वय तरी काय तुमचं! गॅस झालाय, टेन्शन घेऊ नका.’ कागद घडी होऊन फायलीत जातो; कळ मात्र बाईबरोबर घरी परतते.

हे वाक्य इतक्या जणींनी इतक्यांदा ऐकलंय की आता ते औषधाच्या चिठ्ठीवर छापूनच द्यावं.

आधी ईसीजीचं बघू. नेहमीचा ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची जेमतेम दहा सेकंदांची नोंद. हृदयविकाराचा झटका सुरू झालेला असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी यांच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढा. पण शंका उरली तर तो पुन्हा काढा आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने परत तपासा. शिवाय ईसीजी बोलतो तो फक्त हृदयाबद्दल. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली असेल तर ते त्याला दिसत नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असली तरी तो नॉर्मल येऊ शकतो. हृदयाभोवतीच्या आवरणाची सूजही काही वेळा त्याच्या नजरेतून सुटते.

आता वय. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७मध्ये ल्युपस असलेल्या ४९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ते ४४ या वयोगटात त्यांच्यातलं हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण, फ्रेमिंगहॅमच्या सुप्रसिद्ध अभ्यासातल्या त्याच वयाच्या स्त्रियांपेक्षा पन्नासपटीहून जास्त निघालं. आकडा वाचून घाबरायचं कारण नाही. त्या वयात मुळातला धोकाच अगदी कमी असतो, त्यामुळे त्याची पन्नासपट केली तरी बहुतेकींना झटका येत नाही. पण ‘वय तरी काय तुमचं’ हे उत्तर मात्र बाद होतं. वर्षानुवर्षं अंगात धुमसणारी सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही, आणि स्टिरॉइडमुळे वाढलेली साखर, रक्तदाब आणि चरबी त्यात भर घालतात. आमवाताचंही तसंच. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते, की नेहमीच्या कोष्टकातून येणाऱ्या हृदयधोक्याला आमवाताच्या रुग्णात दीडने गुणा.

म्हणजे प्रत्येक कळ हृदयाचीच, असंही नाही. तो उलटा गैरसमज झाला. बरगड्यांच्या कुर्चेची सूज हे छातीत दुखण्याचं अगदी नेहमीचं आणि बिनधोक्याचं कारण आहे. खरी माहिती मिळते ती दुखणं कसं वागतं यावरून. खोल श्वास घेताना किंवा खोकताना सुरीसारखं टोचत असेल तर संशय फुप्फुसाच्या आवरणावर. आडवं पडल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसलं की हलकं होतं, तर हृदयाच्या आवरणावर. ल्युपसमध्ये ही दोन्ही आवरणं सुजणं हे आजाराचंच ओळखीचं लक्षण आहे. एकाएकी धाप लागून दुखलं, एका पोटरीला सूजही असली, तर गुठळीचा विचार आधी. अमेरिकेतला अभिनेता आणि सूत्रसंचालक निक कॅनन २०१२मध्ये जेमतेम एकतीस वर्षांचा होता. त्याला आधी मूत्रपिंडाचा त्रास झाला, मग फुप्फुसात गुठळ्या सापडल्या आणि मुळाशी ल्युपससारखा आजार असल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, क्षयाचा. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या छातीत पाणी झालं तर ते ल्युपसचं असू शकतं, तसंच क्षयाचंही. पहिल्यात अनेकदा स्टिरॉइड वाढवावं लागतं. दुसऱ्यात क्षयाची औषधं न देता नुसतं तेच केलं तर आगीत तेल. त्यामुळे ‘सगळं ऑटोइम्यूनमुळेच’ म्हणून मोकळं होणंही ‘सगळं गॅसमुळेच’ इतकंच आळशीपणाचं.

बाकीचे समज किरकोळ, पण चिवट. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं? अजिबात नाही; त्या आरामावरून हृदयाचं दुखणं वगळता येत नाही, आणि हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या गोळीने थांबलं म्हणून ते हृदयाचंच ठरतं असंही नाही. दाबल्यावर दुखतं, म्हणून हृदय सुटलं? शक्यता कमी होते, संपत नाही. सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी नॉर्मल म्हणजे आजार शांत? ल्युपस भडकलेला असतानाही सीआरपी अनेकदा फारसा वाढलेला नसतो, हे संधिवाततज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. आणि छातीतलं दुखणं स्टिरॉइडमुळेच असेल म्हणून ते मनानेच एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

तपासणीच्या टेबलावर पहिलं वाक्य नुसतं ‘छातीत दुखतंय’ एवढंच नको. ‘मला ल्युपस आहे, स्टिरॉइड चालू आहे आणि छातीत दुखतंय’ असं सांगावं. कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, हेही त्याच दमात. ‘गॅस आहे’ असं उत्तर आलं, तर आणखी काय काय तपासून वगळलं, हे विचारायला अजिबात संकोचू नये. आणि कळ जबड्यात, हातात किंवा पाठीत उतरत असेल, सोबत दरदरून घाम, धाप किंवा चक्कर असेल, तर जुनी फाइल शोधत बसू नका. आधी १०८ला फोन लावा.