वाचनीय, परंतु लेखनास बंद : लिनक्सवरील रेड संचाचे निदान

तौलनिक साहित्याभ्यासाची साधने आता मोठ्या प्रमाणात संगणकीय संग्रहांत साठविली जातात. हस्तलिखितांच्या प्रतिमा किंवा मौखिक कथनांची ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या सर्व्हरवर पुष्कळदा लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड संच असतो. असा संच कधी वाचता येतो, पण त्यात नवे काही लिहिता येत नाही. अशा वेळी ‘काहीही करून लेखन सुरू करा’ असा आग्रह आपण अभ्यासकच धरतो. हा आग्रह घातक का ठरू शकतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रेडची संकल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मधील शोधनिबंधात मांडली. अनेक डिस्कवर मजकूर अशा रीतीने विभागायचा, की एखादी निकामी झाली तरी तो शाबूत राहावा, हे तिचे सूत्र होय. लिनक्समध्ये हे कार्य कर्नलमधील ‘एमडी’ हा भाग करतो, आणि त्याचे व्यवस्थापन ‘एमडीएडीएम’ या साधनाने होते. लेखन मात्र तीन निरनिराळ्या स्तरांवर अडू शकते : संच, त्यातील डिस्क आणि संचावरील फाइल सिस्टीम.

प्रथम ‘एमडीस्टॅट’ ही कर्नलची नोंद पाहावी. तेथे ‘ऑटो-रीड-ओन्ली’ असे आढळल्यास तो बिघाड नव्हे. संच जुळला आहे, पण त्यावर पहिले लेखन व्हायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या लेखनासरशी ही अवस्था आपोआप संपते, आणि खोळंबलेले समक्रमणही तेव्हाच सुरू होते. नुसते ‘रीड-ओन्ली’ असेल, तर मात्र ‘एमडीएडीएम’चा ‘रीड-राइट’ हा पर्याय द्यावा लागतो. संचातील एखादी डिस्कच लेखनास बंद असेल, तर अलीकडची कर्नल ही आज्ञाही नाकारते. अशा वेळी दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या जोडणीत शोधावा.

कित्येकदा संच निर्दोष असतो आणि लेखन फाइल सिस्टीमने थांबविलेले असते. अंतर्गत रचनेत विसंगती आढळताच स्वतःला केवळ वाचनीय करून घेण्याची सूचना एक्स्ट४ला देता येते. हे कर्नलच्या नोंदवहीत दिसते. येथे नुसते पुन्हा माउंट करून लेखन सुरू केल्यास विसंगत रचनेवरच नवा मजकूर चढतो. म्हणून आधी वाचता येईल तेवढे स्वतंत्र डिस्कवर उतरवून घ्यावे, मग माउंट काढून, प्रथम काहीही न बदलता, तपासणी करावी.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ वाचनासाठी माउंट करतानाही एक्स्ट४ जर्नलमधील अपुऱ्या नोंदी पूर्ण करू पाहते, म्हणजेच लिहिते. संच लेखनास बंद असेल तर असे माउंट होतच नाही. तेव्हा ‘नोलोड’ या पर्यायाने जर्नल वगळून मजकूर पाहता येतो. तो किंचित विसंगत असू शकतो, पण मूळ संच अस्पर्श राहतो.

डिस्क संचातून गळल्या असतील, तर प्रत्येकीवरील घटनाक्रमांक ताडून पाहावा. ज्या डिस्कचा क्रमांक मागे राहिला, ती जुनी प्रत होय. पाठचिकित्सकाला ही रीत अपरिचित नाही. फरक इतकाच, की आपण जुन्या प्रतीला अनेकदा अधिक मान देतो. येथे तिच्यावरून पुनर्रचना केल्यास नंतरचे लेखन हरपते. हा ताळमेळ पाहण्यापूर्वी त्याच डिस्कवर ‘क्रिएट’ आज्ञेने नवा संच रचणे तर सर्वथा टाळावे. डिस्कचा क्रम किंवा खंडाचा आकार चुकला, तर समक्रमणात मूळ मजकूर पुसला जाऊ शकतो.

रेड म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे. चुकीचे लेखन तो तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कवर उमटवितो. दिवंगत कथनकाराचे एकमेव ध्वनिमुद्रण अशा संचात असेल, तर लेखन थांबणे ही त्याची अखेरची संरक्षक भिंत ठरते. ती कोणत्या स्तरावर व का उभी राहिली, हे कळेपर्यंत तिला हात न लावणे हेच संग्रहाच्या हिताचे.