मुलगी बरी दिसते, म्हणून इंजेक्शन थांबवू नका!

माताभगिनींनो, मुलाचा घसा दुखला की आपण मिठाच्या गुळण्या देतो आणि घसा उतरला की विसरतो. परंतु घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असेल, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, धाप लागते. हा संधिवाताचा ताप. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना तो अधिक होतो.

जंतूशी लढणारी शरीराची शक्तीच या आजारात हृदयावर उलटते. झडपांना सूज येते. सूज ओसरली तरी वण राहतो. पुन्हा घसा, पुन्हा सूज, पुन्हा वण, असे होता होता झडप अरुंद होते किंवा गळू लागते.

म्हणूनच डॉक्टर दर 3 किंवा 4 आठवड्यांनी बेन्झाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. त्याचा अंश रक्तात बरेच दिवस टिकतो. आम्हांला भगिनी विचारतात, "याने हृदयाची सूज जाते का?" नाही. ते सूज उतरवण्याचे औषध नव्हे, वणही पुसत नाही. ते फक्त जंतूला पुन्हा शिरू देत नाही. नवा जंतू नाही, तर तापाचा नवा झटका नाही.

हे राखणे किती मोलाचे, ते युगांडात दिसले. ज्यांच्या हृदयात आजार नुकताच, छुपेपणी सुरू झाला होता, अशा 818 मुलांचा तेथे अभ्यास झाला. तो 2022 साली छापून आला. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शंभरात एकाचाही आजार वाढला नाही; न घेणाऱ्यांत मात्र शंभरात आठांचा वाढला.

तरीही आपल्याकडे मुलगी हिंडू-फिरू लागली की इंजेक्शन बंद होते. लग्न ठरले, तर आजारच लपवला जातो. पुढे गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते आणि अरुंद झडपेला तो भार पेलत नाही. लपवलेला आजार तेव्हा जिवावर बेततो. पेनिसिलिन गरोदरपणातही घेता येते, हे सासरच्यांनाही सांगा.

इंजेक्शन दुखते, हे आम्ही जाणतो. ते किती वर्षे घ्यायचे, हे डॉक्टरच ठरवतील. बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक. पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली असेल किंवा झडप फारच बिघडली असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. पुढची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि ती चुकवू नका.