महाविद्यालयातील भीमराव

एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातील अनेक वसतिगृहांत, अभ्यासिकांत आणि ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आम्ही इतिहास शिकवणारी माणसे या उपक्रमाचे स्वागतच करतो. तथापि त्यातून विद्यार्थ्यांच्या मनात जी प्रतिमा उरते, ती एका अलौकिक बुद्धीच्या एकाकी युवकाची असते. अशा प्रतिमेपुढे आपला विद्यार्थी हात जोडतो आणि मनातल्या मनात म्हणतो, ‘हे आपल्याच्याने व्हायचे नाही.’ बाबासाहेब १९०८ ते १९१६ या काळात प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते. हा विद्यार्थी कोणत्या घरातून आला, कशाला मोल देत होता आणि जगाकडे कसा पाहत होता, हे नोंदींच्या आधारे समजून घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

घराचा विचार आधी केला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे या कुटुंबाचे मूळ गाव. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ सैन्यात होते, लष्करी शाळेत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक होते. घराणे कबीरपंथी. रामजी व भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बळीराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव ही पाचच जगली. भीमराव सर्वांत धाकटे. आई लहानपणीच गेली आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाई यांनी केला. म्हणजे या घरात दारिद्र्य होते, अस्पृश्यतेचा जाच होता, आणि त्याबरोबरच मराठी-इंग्रजी जाणणारा, अंकगणित शिकवणारा, पहाटे दिवा लावून मुलाला अभ्यासाला उठवणारा बाप होता. आपल्याकडे भाषणांत पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या जातात, तिसरी राहून जाते. आमच्या मते ती तिसरी गोष्ट वगळली तर पुढचे काहीच उलगडत नाही.

परळच्या डबक चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहत असे. झोपायची, स्वयंपाकाची, अभ्यासाची जागा तीच. पैशांची ओढाताण तर अशी की भीमरावांना नवे पुस्तक हवे झाले की रामजी आपल्या विवाहित मुलींच्या दारी जात. रोख रक्कम मिळाली नाही तर मुलीचा दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. मंजुळाबाई आणि तुळसाबाई यांची नावे आमच्या मुलांना क्वचितच ठाऊक असतात. बाबासाहेबांच्या पहिल्या ग्रंथसंग्रहात त्यांच्या अंगावरचे सोने गुंतले होते. थोरले बंधू आनंदराव यांनी शिक्षण थांबवून नोकरी धरली. रमाबाईंशी विवाह झाला तेव्हा भीमराव शाळेतच होते, आणि पती परदेशी असताना मुंबईतला संसार हलाखीत त्यांनीच सावरला.

रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुंबईत शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल भीमरावांचा सत्कार झाला. चरित्रकार तो मॅट्रिकनंतरचा सांगतात, तर स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीचा सांगितला आहे. मूळ शब्द त्यांचे असल्याने आम्ही तेच अधिक ग्राह्य मानतो. अशा सत्काराने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून वडिलांचा त्याला आधी विरोध होता. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून झाल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, ब्राह्मण-क्षत्रियांचे मोठेपण आणि शूद्रांची अवहेलना सांगणारे ग्रंथ तुम्ही आम्हांस का वाचायला लावता, बौद्ध साहित्य का दिले नाही? वडिलांचे उत्तरही मोलाचे होते. आपण अस्पृश्य, म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये. द्रोण आणि कर्ण ही लहान स्थितीतून वर आलेली माणसे तुम्ही पाहावीत, असा त्यांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. घरातील आदर आणि घरातील प्रश्न एकाच वेळी नांदू शकतात, हे या प्रसंगातून दिसते. एवढ्यावरून शाळकरी भीमरावांना बौद्ध ठरवण्याची घाई मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. १९५६ पर्यंतची वाट लांबची होती, आणि ती त्यांनी विचारपूर्वक चालून पार केली.

चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजींनी हेरले होते. इंटरमिजिएट झाल्यावर पैशांअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनीच त्यांना सयाजीराव महाराज गायकवाडांकडे नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, कपडेही देत. याच महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने त्यांनी पर्शियन घेतली होती. संस्कृत पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केली. १९१२ साली ते बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. ज्याने मुलाला वर्षानुवर्षे पहाटे उठवले, त्या बापाला त्याचे कोलंबिया पाहता आले नाही.

बडोदे संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि परतल्यावर दहा वर्षे नोकरीचा करार करून घेतला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे कोणी त्यांना जात विचारीत नव्हते. कोलंबियातील वर्गमित्र आणि प्राध्यापक हे आपल्याला लाभलेले उत्तम स्नेही होत, असे त्यांनी पुढे १९३० साली लिहिले. पारशी मित्र नवल भथेना यांच्याशी जडलेली मैत्री तर आयुष्यभर टिकली.

या काळात त्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. एका पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. (इतिहासाचे ११ पाहून आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी माफ करावा.) सेलिग्मन अर्थशास्त्र शिकवीत, जॉन ड्यूई तत्त्वज्ञान. जातीचा प्रश्न हा केवळ धर्माचा किंवा भावनेचा नसून त्यात संपत्ती, विवाह, सत्ता आणि ज्ञान गुंतलेले आहे, ही त्यांची पुढची भूमिका एवढ्या शाखांच्या अभ्यासाखेरीज उभी राहिली नसती. जी व्यवस्था आपणास पिळते, ती कशी चालते हे समजून घ्यायला त्यांनी महाविद्यालयीन वर्षे वापरली. आज आमची मुले विषय निवडताना फक्त ‘नोकरी कशात आहे’ एवढेच विचारतात. घरची स्थिती पाहता तो प्रश्न आम्ही चूक म्हणणार नाही. तो एकटाच विचारला जातो, एवढीच आमची खंत आहे.

९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. वय २५. जातीबाहेर विवाह न करण्याचे बंधन हेच जातीचे मर्म होय, आणि वरच्या वर्गाने स्वतःला कोंडून घेतल्यावर इतरांनी त्याचे अनुकरण केले, असे त्यांनी मांडले. एकट्या मनूने जात निर्माण केली हे मत त्यांनी नाकारले. ज्याला पाणी नाकारले गेले होते, त्याच्या लेखणीत त्वेष असता तर तो समजण्यासारखा होता. निबंधात आहे ते विश्लेषण. शेवटी ते म्हणतात की, माझी उपपत्ती टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर मी ती सोडायला तयार आहे. पुढील आयुष्यात तथागतांची जी शिकवण त्यांना सर्वाधिक जवळची वाटली, ती म्हणजे कोणाच्याही सांगण्यावरून न मानता स्वतः पारखून घेणे. ती वृत्ती या निबंधात आधीच दिसते.

न्यूयॉर्कहून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात, मुलग्यांच्या शिक्षणाबरोबर मुलींचे शिक्षणही चालले तरच आपल्या समाजाला चांगले दिवस लवकर येतील, असे बजावले आहे. तिथे असलेल्या लाला लजपतराय यांनी त्यांना आपल्या राजकीय कार्यात ओढण्याचा प्रयत्न केला. शिक्षण पूर्ण करण्याचे वचन महाराजांना दिले आहे, असे सांगून त्यांनी नकार दिल्याचे चरित्रकार नोंदवतात. उसने मिळालेले शिक्षण आपल्या इच्छेने कुठेही वळवण्याचा हक्क आपणास नाही, अशी ती जाणीव होती.

जेवणात काटकसर करून त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती. १९१७ साली लंडनहून परतताना सामान ज्या जहाजातून पाठवले, ते महायुद्धात बुडाले. त्याच वर्षी ते बडोद्यात रुजू झाले, आणि तिथे राहायला जागा मिळू नये म्हणून शहराने काय केले ते सर्वश्रुत आहे.

मुंबईत २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने पहिली जी कामे हाती घेतली त्यांत सोलापूरचे वसतिगृह होते. ते ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले. राहणे, जेवण, कपडे आणि लेखनसाहित्य यांची तिथे सोय होती, आणि तिथले विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवीत.