‘बाँडवर सही केलीयास नव्हं?’

पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूरच्या एका अंगाला शिरोली, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगाव आणि थोडं पुढे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत. एकाच रस्त्यावर तीन एमआयडीसी असल्या की नोकरी बदलायला गाव सोडावं लागत नाही, उतरायचा थांबा तेवढा बदलतो. कागलच्या वसाहतीत किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना आहे, रेमंडचं शर्टिंगच्या कापडाचं युनिट आहे, शिवाय सुटे भाग करणारी कितीतरी मशीन शॉप्स. आयटीआय करून आलेला एखादा सीएनसी ऑपरेटर यातल्या एका ठिकाणी रुजू होतो आणि महिना-दोन महिन्यांत, आधी जिथे मुलाखत देऊन ठेवलेली असते, तिथून फोन येतो. पगार जास्त, लगेच ये.

मग शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, ‘बाँडवर सही केलीयास नव्हं? आता सुटका न्हाई, आत टाकतील.’ दुसरा म्हणतो, ‘कायबी हुत न्हाई, बाँड म्हंजे नुसता कागूद.’ दोघंही सारख्याच खात्रीने बोलतात आणि दोघंही चुकतात.

आधी तुरुंगाचं. बाँड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरलेली रक्कम भरायचा करार, आणि नोकरीचा करार मोडणं हा गुन्हा नाही. वाद झालाच तर तो दिवाणी, म्हणजे पैशांच्या भरपाईचा. माणसाला पकडून पुन्हा त्याच मशीनवर उभं करा, असा आदेश न्यायालय देत नाही. व्यक्तीच्या स्वतःच्या कौशल्यावर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करता येत नाही, हे 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 14 मध्येच आहे. वेठबिगारीला तर राज्यघटनेच्या कलम 23 ने बंदी घातलेली आहे. पोलिसांची भीती दाखवणाऱ्या सुपरवायझरला हे बहुधा ठाऊक नसतं, किंवा चांगलंच ठाऊक असतं.

एक वाट मात्र फौजदारीकडे जाते. काही ठिकाणी बाँडसोबत सही केलेला कोरा चेक मागतात. तो चेक बँकेत टाकला आणि वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138 लागू शकतं आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मुळात देणंच नव्हतं असा बचाव घेता येतो. पण कायद्याचं गृहीतक चेक धारण करणाऱ्याच्या बाजूने असल्याने ते पटवून द्यायचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. बाँडच्या चार पानांपेक्षा हा एक कागद महागात पडू शकतो.

आता दुसरा सल्ला. बाँड नुसता कागद असता तर कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच नसता. टायर कॉर्डचं सूत काढायचं तंत्र कंपनीने हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून पैसे मोजून घेतलं होतं. त्यासाठी 1963 मध्ये एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर घेतलं आणि त्याच वर्षी अनेक महिने प्रशिक्षण दिलं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, 1964 मध्येच, तो रजेवर गेला आणि रजेतूनच राजीनामा कळवला. राजस्थानात कोट्याच्या रेयॉन कारखान्यात जास्त पगाराची नोकरी मिळाली होती. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला: कराराची मुदत संपेपर्यंत तसलंच काम प्रतिस्पर्ध्याकडे करायचं नाही. कल्याणला परत जा, असं मात्र कोणी म्हटलं नाही. मनाई होती ती तेवढ्याच धंद्यापुरती आणि तेवढ्याच मुदतीपुरती.

ताजा निकाल 14 मे 2025 चा. विजया बँकेतला एक वरिष्ठ व्यवस्थापक 2007 मध्ये त्या पदावर रुजू झाला आणि तीन वर्षांच्या बाँडची मुदत संपण्याआधीच, 2009 मध्ये, आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी बाहेर पडला. बाँडचे दोन लाख रुपये त्याने निषेध नोंदवून भरले आणि मग ते परत मिळवायला न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयाने बँकेची. मध्यंतरी विजया बँक स्वतःच बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती.

यावरून प्रत्येक मशीन शॉपचा पन्नास हजारांचा बाँड वसूल होतोच, असंही नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. न्यायालयाने बँकेच्या बाबतीत जाहिरात देऊन कराव्या लागणाऱ्या खुल्या भरतीचा खर्च आणि त्या पदाचा पगार हे पाहिलं. चार दिवस जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करून ‘ट्रेनिंग दिलं’ म्हणणाऱ्या कंपनीला तो खर्च दाखवताना घाम फुटेल.

‘राजीनाम्यानंतर वर्षभर दुसऱ्या फाउंड्रीत जायचं नाही’ अशी अट असली, तर ती वेगळी गोष्ट. करार कायद्याचं कलम 27 धंदा-व्यवसायाला अटकाव करणारा करार रद्दबातल ठरवतं आणि नोकरीनंतरच्या काळातली अशी बंदी न्यायालयं सहसा मानत नाहीत.

प्रोबेशनमध्ये नोटीस लागतच नाही, हा समज अर्धवट आहे. केंद्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत प्रोबेशनरला काढताना नोटीस द्यायची गरज नव्हती हे खरं. त्याने स्वतः सोडताना किती दिवस आधी सांगायचं, ते नेमणूकपत्र ठरवतं. काहींत सात दिवस असतात, काहींत महिना. पत्र न वाचता सोमवारपासून यायचंच बंद करणं हा इथला सर्वांत वाईट रिवाज. त्याच आदर्श आदेशांत दहा दिवसांहून जास्त बिनपरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन धरलं होतं. दोन ओळींच्या राजीनाम्याने जे सहज मिटलं असतं, त्याचा शेरा उगाच मागे लागतो.

आणि असा माणूस झालेल्या कामाचा पगारही सोडून देतो. ‘सोडलं म्हणजे बुडाला’ हे खोटं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. आधीच्या 1936 च्या कायद्यात ही मुदत मालकाने काढून टाकलेल्यापुरतीच होती.

दोन महिन्यांचा पीएफही बुडत नाही. यूएएन, म्हणजे पीएफ खातेदाराचा क्रमांक, एकच राहतो, रक्कम नव्या खात्यात वळवता येते. काढून घेण्यापेक्षा वळवलेली बरी, कारण सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो आणि वळवली तर आधीची सेवा त्या पाच वर्षांत मोजली जाते. मात्र याच यूएएनमुळे छोटी नोकरी बायोडाटातून गाळून लपत नाही; रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे नोंदलेली असते. ‘सगळ्या एमआयडीसीत ब्लॅकलिस्ट होतो’ म्हणतात, तशी कोणतीही कायदेशीर यादी नाही. एका एचआरने दुसऱ्याला फोन लावायला यादी लागत नाही, हेही खरं.

ॲप्रेंटिसची गोष्ट निराळी. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तो कामगारच धरला जात नाही. करार मध्येच संपवायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो आणि चूक उमेदवाराची ठरली तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून किंवा पालकांकडून वसूल होऊ शकतो.

राहिला तो जास्तीचा पगार. फोनवर ‘पंचवीस हजार’ सांगितले जातात ते पुष्कळदा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, असतात. मूळ पगार 15,000 धरला तर त्या पंचवीसमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 720 आधीच धरलेले असतात. पुढे स्वतःच्या वाट्याचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात साडेवीसच्या आसपास उरतात. ईएसआय लागू असेल तर ती कपात वेगळी, कँटीन आणि बसचीही. आताच्या ठिकाणचा हातात पडणारा आकडा या साडेवीसशी ताडून पाहायचा, पंचवीसशी नव्हे.

शिवाय फोन म्हणजे ऑफर नव्हे. नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केलं आहे, तेव्हा ते मागण्यात उद्धटपणा काही नाही. पत्र हाती आलं की आधी लेटरहेड पाहावं. गेट मोठ्या कंपनीचं, गेटपासवर नावही तिचंच, पण पत्रावर सही ठेकेदाराची असेल, तर पगार, पीएफ आणि बोनससाठी पहिल्यांदा गाठायचं ते त्या ठेकेदाराला.